जॉयस्टिकच्या वायरीला कुलूप कशाला?

मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांचे शाळेनंतरचे तास गेले, त्यांना ‘मुस्तफा’ चांगलाच आठवत असेल. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’चं हे आपल्याकडचं नाव, त्यातल्या मुस्तफा कैरो या पात्रावरून पडलेलं. पार्लरमालकाला जुना खेळ काढून असा नवा लावायचा असला, तर आख्खं कॅबिनेट बदलावं लागत नसे. मागची फळी उघडायची, सर्किट बोर्ड ओढून काढायचा आणि दुसरा बोर्ड त्याच कनेक्टरमध्ये दाबून बसवायचा. पडदा, जॉयस्टिक, बटणं, स्पीकर, नाणं टाकायची खाच, सगळं जिथल्या तिथे राहायचं.

ही सोय एका करारातून आली. त्याआधी ज्या त्या कंपनीचं वायरिंग निराळं असे आणि खेळ बदलायचा म्हणजे कारागीर बोलावून वायरी पुन्हा डाखाव्या लागत. १९८५ मध्ये जपानमधल्या करमणूक-यंत्र उत्पादकांच्या संघटनेने एक मानक ठरवलं. संघटनेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘जामा’ म्हणतात. बोर्डाच्या कडेला दोन्ही बाजूंनी २८-२८, म्हणजे एकूण ५६ संपर्कबिंदू. कुठल्या बिंदूवर ५ व्होल्ट, कुठे १२ व्होल्ट, कुठे लाल, हिरवा, निळा रंग, कुठे स्पीकर, कुठे पहिल्या खेळाडूचं दुसरं बटण, हे सगळं ठरलेलं. एकमेकींच्या जिवावर उठलेल्या कंपन्यांनी ते मानलं. पुढे १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ला प्रत्येकी सहा बटणं लागली आणि मानकात तर तीनच होती, तेव्हा उरलेल्या बटणांसाठी वेगळी वायर काढण्यात आली. मूळ जोडणीला मात्र कुणी हात लावला नाही.

त्या करारामुळेच आज जपान, युरोप आणि अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा एक सुंदर उद्योग चालू आहे. बंद पडलेल्या गेम सेंटरमधून आलेली कॅबिनेट ते घरी आणतात. सेगाच्या १९९३ च्या ‘अॅस्ट्रो सिटी’ला त्यांच्यात विशेष मान आहे. त्यात ते मूळ बोर्डाऐवजी घरगुती कन्सोल जोडतात, कारण कित्येक खेळ पार्लरमध्ये कधी आलेच नाहीत, फक्त कन्सोलवर आले. जोडणीचं काम करणारा अॅडॅप्टर म्हणजे तळहाताएवढा बोर्ड. त्याच्या एका कडेला जामाचे ५६ बिंदू असतात, दुसऱ्या बाजूला कन्सोलच्या केबली. कॅबिनेटमधली एकही वायर कापायची नाही. अॅडॅप्टर उपसला की यंत्र पुन्हा जसंच्या तसं.

कन्सोल आणि पार्लरचं यंत्र यांचं नातं तसं सख्ख्या भावंडांचं आहे. निन्टेंडोने १९८६ मध्ये ‘प्लेचॉइस-१०’ हे यंत्र आणलं. त्यात कंपनीच्या घरगुती कन्सोलवरचे दहा खेळ असत आणि नाणं टाकलं की जीव मिळायच्या ऐवजी वेळ मिळायचा. नामकोचा ‘टेक्केन’ ज्या ‘सिस्टिम ११’ बोर्डावर चालला, तो पहिल्या प्लेस्टेशनच्याच रचनेवर बेतलेला होता. सेगाचा १९९८ चा ‘नाओमी’ आणि घरगुती ‘ड्रीमकास्ट’ यांचीही गोष्ट तीच. कंपन्यांनी कारखान्यात जे केलं, तेच हौशी माणूस आपल्या टेबलावर डाखणी घेऊन करतो.

पण काम सोपं नाही, आणि सगळ्यात जास्त घाम काढतं ते चित्र. जुन्या कॅबिनेटचा मॉनिटर सेकंदाला साधारण १५,७०० आडव्या रेषा काढतो. १९८० आणि ९० च्या दशकांतले कन्सोलही टीव्हीसाठी त्याच वेगाने चित्र पाठवत, म्हणून त्यांची जोडी जुळते. तरीही रंगाच्या सिग्नलची ताकद वेगळी: कन्सोलमधून जेमतेम ०.७ व्होल्ट निघतो आणि कॅबिनेटच्या मॉनिटरला त्याच्या कितीतरी पट लागतो. मध्ये अॅम्प्लिफायर घातला नाही तर चित्र अंधारात बुडतं. प्रत्येक रेषा आणि प्रत्येक चौकट कधी सुरू करायची हे सांगणारा सिंक सिग्नलही कित्येक कन्सोलमध्ये चित्राच्या सिग्नलमध्येच मिसळलेला असतो. तो वेगळा काढावा लागतो, नाहीतर चित्र सरकत राहतं. आणि घाईघाईने कॉम्प्युटरचा ३१ हजार रेषांचा सिग्नल या मॉनिटरला दिला, तर त्याचा आडव्या रेषा सांभाळणारा भाग जळू शकतो. ‘जे-पॅक’ हा ब्रिटनमध्ये तयार होणारा अॅडॅप्टर कॉम्प्युटरला जामा वायरिंगशी जोडतो आणि असा चुकीचा सिग्नल मॉनिटरपर्यंत जाऊच देत नाही. ज्याने हा विचार केला, त्याला यंत्राची कदर होती एवढं नक्की.

एचडीएमआय असलेल्या नव्या कन्सोलचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांचं चित्र खाली उतरवणारं उपकरण मध्ये लागतं आणि स्वस्त उपकरण या रूपांतरात एखादी चौकट उशीर करतं. सेकंदाला ६० चौकटींच्या खेळात एक चौकट म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. ‘स्ट्रीट फायटर’ मन लावून खेळणाऱ्याच्या हाताला तेवढाही फरक जाणवतो.

आवाजाचं आणि विजेचं काम त्या मानाने सरळ. स्टिरिओ आवाज एकत्र करून स्पीकर हलेल इतका मोठा करायचा आणि कॅबिनेटच्याच पुरवठ्यातून कन्सोलला वीज द्यायची. काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो बराच वेळ साचून राहतो. म्हणून जाणकाराशिवाय मागची फळी उघडू नये. या नळ्याही आता नव्या मिळत नाहीत. छत्रपती संभाजीनगरातून वाढलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा व्यवसाय विकत घेतला होता, पण सपाट पडद्यांपुढे तो धंदा टिकला नाही. जी नळी शिल्लक आहे ती जपायची, एवढाच मार्ग उरला आहे.

आता बटणांकडे येऊ, कारण खरा वाद तिथेच आहे.

कॅबिनेटचं बटण अगदी भोळं असतं. दाबलं की एक वायर जमिनीच्या वायरीला टेकते, सोडलं की सुटते. घरगुती कन्सोलचा कंट्रोलर थोडा हुशार. आठ-दहा बटणांची स्थिती तो मोजक्याच वायरींतून एकामागून एक कन्सोलला कळवतो. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉममध्ये हे काम बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या चिपवर चालायचं. तिची भाषा अॅडॅप्टर बनवणाऱ्यांनी कधीच शिकून घेतली. पहिल्या प्लेस्टेशनची भाषाही अशीच उलगडली गेली. आज शंभर-दोनशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर कॅबिनेटची बटणं वाचून त्या भाषेत बोलू शकतो. नाणं टाकायच्या वायरीला ‘सिलेक्ट’ बटणाचं काम द्यायचं हासुद्धा दोन ओळींच्या प्रोग्रॅमचा मामला.

नंतर कंपन्यांनी या भाषेला कुलूप घातलं. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ला अधिकृत नसलेला कंट्रोलर जोडला, तर साधारण आठ मिनिटांनी कन्सोल त्याचं ऐकणं थांबवतो, कारण मधल्या गुप्त संकेताच्या परीक्षेत तो नापास होतो. प्लेस्टेशन ५ चे खेळ तर सोनीच्याच आधीच्या पिढीच्या कंट्रोलरवरही चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर अधिकृत नसलेल्या जोडण्या अडवायला सुरुवात केली. ज्यांचा अॅडॅप्टर काल चालत होता, त्यांना आज पडद्यावर त्रुटीचा क्रमांक दिसला आणि दोन आठवड्यांची मुदत मिळाली. यावर हौशी मंडळींनी काढलेला उपाय पाहून वाईट वाटतं. ते चांगला चालणारा अधिकृत कंट्रोलर विकत घेतात, तो फोडतात आणि त्याच्या आतल्या बोर्डावर कॅबिनेटच्या वायरी डाखतात. केवळ एका चिपची सही मिळावी म्हणून नवीकोरी वस्तू मोडायची.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. इंटरनेटवरच्या स्पर्धांमध्ये काही उपकरणं नेम आपोआप धरतात, कंट्रोलरच्या जागी माउस घुसवतात आणि प्रामाणिक खेळाडूचा खेळ नासवतात. तिथे पहारा हवाच. पण घरात, इंटरनेटशिवाय, शेजारी बसलेल्या भावाशी खेळणाऱ्याला हाच पहारा का? खेळ ऑनलाइन आहे की घरातला, हे कन्सोलला पुरतं माहीत असतं. तरीही दोघांना एकच कुलूप लावलं जातं, आणि त्या कुलपाची किल्ली परवाना घेणाऱ्या उत्पादकांनाच मिळते. जोडणीवरची ही जकात आहे आणि ती ग्राहकाच्या खिशातून जाते.

मोकळी जोडणी धोक्याची नसते, याचा पुरावा खुद्द मायक्रोसॉफ्टनेच दिला आहे. दिव्यांग खेळाडूंसाठी कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या ‘एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’च्या पाठीवर हेडफोनसारख्या ३.५ मिलिमीटरच्या १९ खाचा आहेत. त्या प्रत्येकीत कुणाचंही, कुठूनही आणलेलं साधं बटण जोडता येतं: दाबलं की वायर टेकते, सोडलं की सुटते. तत्त्व कॅबिनेटच्या बटणाचंच. पायाने, हनुवटीने, कोपराने खेळणाऱ्या माणसांना या खाचांनी खेळ परत मिळवून दिला. त्याच कंपनीच्या २०२३ च्या बंदीने मात्र स्वतः जुळवलेल्या स्वस्त साधनांवर खेळणाऱ्या दिव्यांगांची अडचण केली आणि त्यांनी नाराजी बोलूनही दाखवली. अॅडॅप्टर हा श्रीमंत संग्राहकांचा चाळा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही बाब जरूर ध्यानात घ्यावी.

न्यायालयांनी हा प्रश्न पूर्वी पाहिलेला आहे. सेगाच्या कन्सोलची अंतर्गत भाषा उलगडून स्वतःचे खेळ बनवणाऱ्या अॅकोलेड कंपनीविरुद्धच्या खटल्यात, अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितलं की, सुसंगत खेळ बनवण्यासाठी दुसरा मार्गच नसेल तर असा अभ्यास कॉपीराइटचा भंग ठरत नाही. भारतीय कायदाही याबाबत समजूतदार आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने एक मुभा आली: स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवायला आवश्यक असलेली माहिती एरवी सहज मिळत नसेल, तर कायदेशीर धारकाला ती शोधून काढता येते. २०१२ मध्ये डिजिटल कुलपं तोडणं गुन्हा ठरवणारं कलम ६५-अ आलं, पण तेही कॉपीराइटभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यासाठी. आपल्या जॉयस्टिकने आपण विकत घेतलेला खेळ खेळणाऱ्यासाठी ते नाही.

तरीही कायद्याने अडवलं नाही म्हणजे वाट मोकळी झाली असं होत नाही, कारण कुलूप यंत्रातच बसवलेलं आहे. इथे दुरुस्तीच्या हक्काचे कायदे कामाला यायला हवे होते. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या राज्यांनी २०२३ मध्ये असे कायदे केले, उत्पादकांना सुटे भाग आणि माहितीपत्रकं देणं भाग पाडलं, आणि दोन्ही ठिकाणी व्हिडिओ गेम कन्सोल मात्र वगळले. युरोपात वेगळं घडलं. तिथल्या एकाच चार्जरच्या नियमात हातात धरायचे कन्सोल २८ डिसेंबर २०२४ पासून आले आणि कुणाचाही धंदा त्याने बुडाला नाही.

हे सगळं आताच बोलायचं कारण खेळांचं आयुष्य. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी तिथे आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नसल्याचं आढळलं. ते खेळायचे तर मूळ यंत्र लागतं. १९८५ च्या मानकामुळे पार्लरमधलं मूळ यंत्र चाळीस वर्षांनंतरही कुणीतरी चालू करू शकतो. आजच्या कन्सोलचे अधिकृत कंट्रोलर झिजून संपले आणि सहीच्या चिपा बनायच्या थांबल्या, म्हणजे कपाटातला कन्सोल धडधाकट असूनही त्याला हात लावता येणार नाही.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात निवडली आहेत. कन्सोल आणि त्यांचे कंट्रोलर यांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या रकान्यात नावानिशी यावेत. घरात, ऑफलाइन खेळताना कुठलाही कंट्रोलर चालला पाहिजे, अशी अट विक्रीच्या वेळीच घालावी. आणि कंपनीने एखाद्या कन्सोलची विक्री थांबवली की त्याच्या कंट्रोलरची भाषा छापील स्वरूपात जाहीर करावी. जामाच्या ५६ बिंदूंचा तक्ता एका पानावर मावतो. हाही दहा-वीस पानांपेक्षा मोठा व्हायचं कारण नाही.