आरशाला काय सांगता?

सकाळी आरशासमोर ‘मी आनंदी आहे, मी यशस्वी आहे’ असे घोकावे, की मन ताळ्यावर येते, हा सल्ला हल्ली व्याख्यानांपासून व्हॉट्सॲपपर्यंत फुकट मिळतो. त्यातला निम्मा भाग खरा. माणूस स्वतःशी जे बोलतो ते मनाला लागतेच. पण नुसते गोड बोलले की भागते, हा उरलेला निम्मा टिकत नाही.

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वतःबद्दल आधीच कमी आदर असलेल्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य घोकायला लावले. न घोकणाऱ्या तशाच लोकांपेक्षा त्यांना अधिकच वाईट वाटले. मन मुकाट्याने ऐकून घेत नाही, आतून उलट उत्तर देते.

मग मनाशी बोलायचे तरी कसे? आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तिशीत विधवा झाल्या. लिहिणे-वाचणे येत नव्हते. जात्यावर, शेतात ओव्या सुचत. मुलगा सोपानदेवांच्या धडपडीने १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. ‘आता माझा माले जीव’ या त्यांच्या वैधव्यावरच्या कवितेत ‘मी सुखी आहे’ असा आव कुठेच नाही. धनी गेला, हे त्या आधी मान्य करतात. मग स्वतःच्याच जिवाला हाक मारून, रडायची तुला सवयच लागली आहे, असे दटावतात आणि डोळ्यांपुढची लेकरे दाखवतात.

मनाला असा जाब विचारणे जुनेच. रामदासांचे २०५ मनाचे श्लोक म्हणजे मनाला समोर बसवून घेतलेली उलटतपासणीच! सगळीकडून सुखी असा जगात कोण, हा प्रश्नही तिथे मनालाच शोधायला दिला आहे. आरशापुढच्या घोकंपट्टीला याहून चोख उत्तर कोणते?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४च्या प्रयोगांतही, भाषणाआधी ‘मी’ऐवजी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांची घालमेल कमी झाली, भाषणही बरे झाले.

मग सगळे मनाच्याच हाती, असे म्हणायचे? मुळीच नाही. करपा रोगाने बाग बसलेल्या रावेरच्या केळी उत्पादकाला ‘सकारात्मक बोल’ सांगणे म्हणजे कर्जाचा हप्ता त्याच्या स्वभावावर ढकलणे. आणि नैराश्याच्या आजारात तर आतला आवाजच आजारी असतो. तिथे श्लोक नव्हे, डॉक्टर लागतो. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२पासून सुरू आहे. त्यावर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.