आधीं वर्ग, मग यंत्र

अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांत राहणारा आमचा एक जुना विद्यार्थी लिहितो, "गुरुजी, चिरंजीवास नौकाशर्यतीचा नाद लागला आहे. सर्वांत वेगवान यंत्र मागतो. नको म्हणवत नाहीं, हो म्हणण्याची भीति वाटते."

नौकेच्या पाठीस टांगण्याचें असें यंत्र, जन्मानें नॉर्वेचे असलेले ओले एव्हिनरूड यांनीं १९०९ सालीं त्याच राज्यांतील मिल्वॉकी येथें तयार केलें. तेव्हां मुलाचा नाद त्या मातीस धरूनच आहे.

परंतु अधिकाराप्रमाणें साधन असावें. शर्यतींत प्रत्येक वर्गाचें यंत्र नियमांनीं बांधलेलें असतें. नियमाबाहेरचें यंत्र कितीही धांवलें तरी कवडीमोल. म्हणून जवळच्या मंडळांत ज्या वर्गाच्या नौका अधिक, तोच वर्ग धरावा. तेथें सुटे भाग मिळतात आणि चूक दाखविणाराही भेटतो. मिथेनॉलवरील यंत्रांची निगा फार. आरंभीं पेट्रोलवरचेंच बरें.

जुनें यंत्र घेतांना सर्व सिलिंडरांचा दाब मोजावा. तो जवळजवळ सारखा असावा. खालच्या दंतचक्रांचें तेल दुधासारखें दिसल्यास आंत पाणी शिरलें असें समजावें.

यंत्र बंद करणारी, चालकास बांधावयाची दोरी मात्र अवश्य पाहावी. चालक पाण्यांत फेकला गेला कीं ती ओढली जाऊन यंत्र थांबतें. ती नसेल तर मोकाट नौका त्याच्याच अंगावर येऊं शकते.

बापानें शिरस्त्राण व तरंगतें ठेवणारें जाकीट यांचे पैसे आधीं बाजूस काढावे. उरतील त्यांतून यंत्र घ्यावें. मुलानें पहिलें वर्ष जिंकण्यास नव्हे, वळण घेण्यास द्यावें.