आलोचना स्वतःची असावी



इंग्लंडमधल्या बेन रॉजर्स या तरुणाने हेरॉईनच्या व्यसनात असताना स्वतःचे दिवस स्वतःच कॅमेऱ्यात टिपले. सुई टोचून घेतानाही कॅमेरा बंद केला नाही. तो गेल्यावर त्या चित्रणातून माहितीपट झाला. मी कॉमर्सची, म्हणून मला ही त्याची रोजकीर्दच वाटते. ताळेबंद मागाहून नीटनेटका मांडता येतो, रोजकीर्दीत मात्र त्या दिवशीचं त्याच दिवशी उतरतं.

आपल्याकडेही असं मोकळं बोलणं झालं आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांचं ऐकून घेतलं आणि लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत दिली. डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. तुषार नातूंनी तर स्वतःच्या व्यसनाची कहाणी ‘नशायात्रा’त लिहिली. अशा सांगण्यातून दुसऱ्याला वाट दिसते.

पण आता गावोगाव वेगळंच चाललंय. कुणी पिऊन पारावर पडला की चार मोबाईल बाहेर निघतात. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर जातो. शाळेत जाणारी त्याची लेकसुद्धा तो बघते. आणि लोक म्हणतात, “लाज वाटली तर सुधारेल.”

मला हे पटत नाही. आपल्या धर्मात सप्तव्यसनांचा त्याग सांगितला आहे, मद्य त्यातलंच. पण अठरा पापस्थानकांत परपरिवादही आहे, हे आपण सोयीने विसरतो. आलोचना आपल्या दोषाची, आपल्या तोंडाने, गुरूसमोर करायची असते. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर मांडला की ती निंदा होते. बेनने कॅमेरा स्वतःकडे वळवला होता. पारावर पडलेल्याला कुणी विचारतं का?

शिवाय लाजेने व्यसन सुटत नाही, लपतं. तो घरात कोंडून पितो आणि बायको “बरं नाही त्यांना” म्हणून झाकत राहते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हातपाय थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. ते नाटक नसतं, जिवावर बेतू शकतं. तेव्हा डॉक्टर लागतो, प्रेक्षक नाही.

म्हणून एवढंच करा. असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्या भाच्या-पुतण्यालाही सांगा. त्या घरच्या बाईला एकटीला गाठून व्यसनमुक्तीची १४४४६ ही मोफत हेल्पलाईन द्या. आपल्या युसूफ वडगावहून अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय फार लांब नाही. सोबत कुणी नसेल तर आपण जाऊ या. आणि तो माणूस स्वतःहून बोलायला लागला, तर मोबाईल बाजूला ठेवून ऐका.