माळावर आहात, तर गाडी वाटेवरच ठेवा!

पक्षीमित्रहो, गुढीपाडवा जवळ आला की पुण्या-सोलापूरकडच्या कितीतरी गाड्या शनिवारी पहाटे माळरानाकडे निघतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, सोलापूरजवळचं नान्नज, बारामती-इंदापूर भागातली गवताळ रानं. जरूर या. उन्हानं पिवळा पडलेला माळ या दिवसांत भरात असतो. पण येण्याआधी एक कळकळीची विनंती ऐका, कारण जे नुकसान व्हायचं ते याच दोन-तीन महिन्यांत होतं. गाडी मळलेल्या वाटेवरून खाली उतरवू नका. फोटोसाठी नाही, वळवून घेण्यासाठी नाही, पुढच्या गाडीला वाट देण्यासाठीही नाही.

जंगलातला पक्षी झाडावर घरटं बांधतो. माळावरच्या पक्ष्याला झाड कुठलं? धाविक, माळटिटवी, पखुर्डी, करवानक, रातवा, चंडोल हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात आणि बहुतेकांचा हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो. धाविकाला तर घरटं असं नसतंच. उघड्या मातीवर दोन-तीन अंडी, बस्स. त्यांचा मातकट रंग आणि वरचे काळपट ठिपके यांमुळे हातभर अंतरावरून बघितलं तरी खडेच वाटतात. डोंबारी हा चिमणीएवढा चंडोल गवताच्या बुडाशी छोटीशी वाटी करतो आणि तिच्या काठावर बारीक खडे मांडून ठेवतो. वर आकाशात नर पंख मिटून दगडासारखा खाली येतो, पुन्हा उसळी घेतो, आणि आपण मान वर करून त्याच्या कोलांट्या बघत राहतो. त्या वेळी त्याची मादी आपल्या बुटापासून चार हातांवर अंड्यांवर बसलेली असू शकते.

पिलांचं तर आणखी अवघड. धाविकाची, टिटवीची पिलं अंड्यातून बाहेर आली की थोड्याच वेळात चालू-फिरू लागतात, त्यामुळे आपल्याला वाटतं, गाडी आली की पळतील बाजूला. ती पळत नाहीत. आईनं धोक्याची हाक दिली की पिलू जागच्या जागी दबतं, मान जमिनीला टेकवतं आणि हलत नाही. कोल्ह्यापासून, ससाण्यापासून वाचण्याची ही उत्तम युक्ती आहे. टायरपुढे तिचा काही उपयोग नाही. चाकाखाली काही आलं हे गाडीतल्या कुणाला कळतसुद्धा नाही.

आता उन्हाचं बघा. एप्रिलच्या दुपारी माळाची जमीन पाय टेकवू देत नाही. अशा वेळी अंड्यांना ऊब लागत नसते, सावली लागत असते. माळटिटवी अंड्यांवर उभी राहून स्वतःच्या अंगाची सावली धरते. पाणी जवळ असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओलाव्यानं अंडी थंड ठेवते. पखुर्डीचा नरही पाणवठ्यावर बसून पोटाची पिसं पाण्यात बुडवतो आणि ते पाणी पिलांसाठी घेऊन जातो. आपण कॅमेरा घेऊन घरट्यापाशी ठाण मांडलं की आई उठून लांब जाते, ओरडते, पंख मोडल्याचं सोंग करते. ‘काय छान पोझ देतेय!’ असं म्हणत आपण फोटो काढत राहतो आणि मागे अंडी उन्हात भाजत असतात. म्हणून पक्षी ओरडायला लागला, तुमच्याभोवती घिरट्या घालायला लागला की समजा, इथंच अंडी किंवा पिलं आहेत. आल्या पावली मागे फिरा. मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला जवळ बोलावणंही या दिवसांत पूर्ण बंद ठेवा. अंडी सोडून तो त्या खोट्या शत्रूशी भांडायला येतो.

कायदाही इथं स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना इजा पोचवणं, त्यांना त्रास देणं हे येतं.

मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत चिंकारा आहे, खोकड आहे, लांडग्यांचा वावर आहे. चिंकाऱ्यामागे गाडी पळवणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की उन्हाळ्यात त्याला पळवणं म्हणजे त्याच्या अंगातलं पाणी आटवणं. लांडग्यांची पिलं या दिवसांत लहान असतात. त्यांच्या गुहेचा ठावठिकाणा कळला तर तो कुणालाही सांगू नका, फोटोसोबत जागेचं नावही टाकू नका. उरलेलं अन्न माळावर फेकू नका. त्या वासानं भटकी कुत्री येतात, मागे राहतात, आणि चिंकाऱ्याच्या पाडसांवर तुटून पडतात.

गावकरी मंडळींनाही हात जोडून विनंती. बांध जाळताना आग माळात शिरणार नाही एवढं पाहा. वणव्यात मोठे पक्षी उडून जातील, पण अंडी आणि पिलं तिथंच राहतात. आणि जूनमध्ये वृक्षारोपणाचा बेत आखणाऱ्या संस्थांनो, शाळांनो, कृपा करून माळावर खड्डे घेऊ नका. माळ ओसाड नाही, पडीकही नाही. गवत हेच तिथलं रान आहे, आणि झाडं दाट झाली की धाविक, पखुर्डी तिथून निघून जातात. माळढोकाचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, आणि आज नान्नजला तो दिसणं ही बातमी होते.

तेव्हा या, पण सकाळी लवकर या आणि ऊन चढायच्या आत परत फिरा. गाडीत बसून बघा. माळावरचे प्राणी-पक्षी थांबलेल्या गाडीला फारसे बुजत नाहीत, उतरलेल्या माणसाला बुजतात. कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथं वन विभागानं गवताळ सफारी सुरू केली आहे. तिथं वाटा ठरलेल्या आहेत, सोबतीला गावातले वाटाडे असतात. नवख्यांनी आधी तिथं जावं. आणि कुणी माळात गाडी घातलेली, चिंकाऱ्यामागे लागलेली किंवा आग लावलेली दिसली तर वाद घालत बसू नका. गाडीचा नंबर टिपून घ्या, जागा नीट लक्षात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तिथूनच फोन लावा.