आज्ञाधारक घर आणि ग्राहकाची उधारी

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात स्वयंचलित यंत्र घरात येण्यापूर्वी विहिरीवर आले. कृषिपंपांना तीन फेजची वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली. काही दिवस ती दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत बागाईतदाराने अंधारातून विहिरीपर्यंत जावे, तेथे वीज नसल्याचे पाहून परतावे आणि पुन्हा तासाभराने निघावे, अशी वहिवाट होती. त्यावर पहिला उपाय निघाला तो स्टार्टरला जोडायच्या ‘ऑटो स्विच’चा. वीज आली की पंप आपोआप सुरू होई. सोय मोठी होती. परंतु विहिरीतले पाणी आटले आहे किंवा पाइप फुटला आहे, हे त्या स्विचला कळत नसे. शिवाय वीज येताच शिवारातील सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की रोहित्रावर भार येई. म्हणून हे स्विच काढून टाकावेत, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करीत आली आहे.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी या अडचणीवर ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले. स्टार्टरला जोडलेल्या या यंत्राला शेतकरी आपल्या साध्या मोबाईलवरून फोन लावतो. वीज आहे की नाही हे ध्वनीच्या खुणेवरून त्याला समजते, आणि ठरलेले आकडे दाबून तो पंप सुरू किंवा बंद करतो. २००९ मध्ये नोकिया कंपनीने नवकल्पनांसाठी घेतलेल्या जागतिक स्पर्धेत या उपकरणाला पारितोषिक मिळाले. ते लोकांना भावले, त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. यंत्राने हुकूम ऐकावा एवढ्यावर शेतकऱ्याचे समाधान नव्हते. हुकूम पाळला गेला की नाही, याचे उत्तर त्याला हवे होते. आणि तेही हाती असलेल्या साध्या फोनवर.

आता हाच प्रश्न घराच्या उंबरठ्याच्या आत आला आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी स्थायिक झालेली आणि आई-वडील मोर्शीच्या घरात, हे चित्र व्यापारी कुटुंबांत आता नवे राहिलेले नाही. दिवाळीला आलेला मुलगा दारावर कॅमेरा बसवतो, दिव्यांना वाय-फायचे स्विच लावतो, दाराला बोटाच्या ठशाचे कुलूप लावतो आणि परत जातो. त्यानंतर ती यंत्रे सांभाळण्याचे काम घरी उरलेल्या दोघांकडे येते. नव्या यंत्रांकडून ग्राहकाला नेमके काय हवे आहे, हे शोधायचे तर या दोघांच्या दैनंदिन अडचणींपासूनच आरंभ केला पाहिजे.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर साधा पंखा किंवा साधे कुलूप घेणे हा रोखीचा व्यवहार आहे. पैसे दिले, वस्तू घेतली, खाते मिटले. इंटरनेटवर चालणारे यंत्र घेणे हा मात्र उधारीचा व्यवहार आहे, आणि त्यात उधार देणारा ग्राहक असतो. पैसे तो आज देतो. सेवा मात्र पुढील आठ-दहा वर्षे कंपनीच्या सर्व्हरवरून हप्त्याहप्त्याने यायची असते. ज्याला उधार द्यायचे त्याची पत पाहावी, लेखी अटी घ्याव्यात, हा पेढीवरचा जुना नियम येथे कोणी पाळत नाही.

हा नियम न पाळल्यामुळे काय घडते, याची दोन उदाहरणे अमेरिकेत घडली. तेथे ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे सुमारे ३०० डॉलरचे उपकरण घरातील दिवे व कुलपे एकत्र चालवीत असे, आणि ते आजीवन सेवेच्या आश्वासनासह विकले गेले होते. गूगलच्या समूहातील ‘नेस्ट’ कंपनीने २०१४ मध्ये तो व्यवसाय विकत घेतला व मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. यंत्र नादुरुस्त नव्हते, तरीही ते निरुपयोगी झाले. आजीवन म्हणजे कोणाचे जीवन, हा प्रश्न तेव्हा ग्राहकांना उमगला. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ कंपनीचे सर्व्हरही पूर्वसूचनेविना बंद पडले. मात्र तिच्या स्विचची बटणे हाताने दाबली की दिवे लागत राहिले, कारण त्या स्विचांचे आपसांतील बोलणे घरातल्या घरात होत असे. पुढे त्याच ग्राहकांपैकी काहींनी एकत्र येऊन कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. त्यासाठी वर्गणी मात्र द्यावी लागली. कंपनी दोन्ही ठिकाणी बुडाली किंवा हटली; परंतु एका घरात अंधार झाला आणि दुसऱ्यात दिवा लागत राहिला. या फरकातच ग्राहकाची पहिली अट आहे: इंटरनेट नसताना आणि कंपनी नसतानाही यंत्राने घरमालकाचे ऐकले पाहिजे.

वस्तुतः घरगुती स्वयंचलनाचा आरंभ याच तत्त्वावर झाला होता. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘एक्स-१०’ पद्धत तयार केली. तिच्यात घरातील विजेच्या तारांतूनच संदेश जात. बाहेरच्या कोणाची गरज नसे. अलीकडे उद्योग पुन्हा त्या दिशेला वळू लागला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ नावाचे समान मानक प्रसिद्ध झाले. अॅपल, गूगल, अॅमेझॉन आणि सॅमसंग यांसारख्या प्रतिस्पर्ध्यांनी ते मान्य केले. एका कंपनीचा दिवा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राने लागावा आणि आज्ञा घराबाहेर न जाता पाळली जावी, हा त्याचा हेतू. प्रत्येक वस्तूसाठी निराळे अॅप आणि निराळा पासवर्ड ठेवून कंटाळलेल्या ग्राहकांची ही कित्येक वर्षांची मागणी होती.

दुसरी अट विजेची. वऱ्हाडातील उन्हाळा आणि वीज खंडित होणे यांचे नाते सांगायला नको. वीज जाऊन परत आल्यावर यंत्राने पूर्वीच्या स्थितीत यावे, एवढी साधी अपेक्षा असते. फिलिप्सचे ‘ह्यू’ हे दिवे २०१२ मध्ये बाजारात आले. वीज परत आली की ते पूर्ण प्रकाशाने पेटत. मध्यरात्री वीज येई आणि झोपलेले घर उजळून निघे. ग्राहक अनेक वर्षे तक्रार करीत राहिले आणि २०१८ च्या अखेरीस ही स्थिती निवडण्याची सोय दिव्यांत आली. ग्राहकाची इच्छा चिकाटीने मांडली गेली तर ती पूर्ण होते, आणि त्यासाठी किती वाट पाहावी लागते, हे दोन्ही या उदाहरणातून दिसते. आपल्याकडे यंत्र घेताना इन्व्हर्टरवर ते नीट चालते का, कमी-जास्त व्होल्टेज सोसते का, याचीही चौकशी करावी. जुन्या घरांतील अनेक स्विचबोर्डांपर्यंत न्यूट्रलची तार आणलेली नसते. नवे स्विच बहुधा तिच्याशिवाय चालत नाहीत, आणि हे ग्राहकाला पैसे देऊन झाल्यावर वायरमनकडून कळते.

तिसरी अट भाषेची व वयाची. गूगल असिस्टंट २०१८ मध्ये फोनवर मराठी बोलू लागला. अॅमेझॉनची अलेक्सा २०१९ पासून हिंदी समजते. पण घरातील आजीने ‘पंखा बंद करजो’ असे वऱ्हाडीत सांगितले आणि पंखा बंद झाला, तरच ते यंत्र तिचे झाले. तोवर भिंतीवरचे बटण काढून टाकू नये. आवाज, फोन आणि बटण या तिन्ही वाटा खुल्या हव्यात. तसेच यंत्राने कुटुंबाच्या दिनचर्येला जुळवून घ्यावे. मोर्शीत सूर्यास्त डिसेंबरच्या आरंभी साडेपाचच्या सुमारास होतो आणि जूनअखेरीस सातच्या सुमारास. गावाचे स्थान एकदा सांगितले की रोजच्या सूर्यास्तानुसार काम करण्याची सोय अनेक यंत्रांत आहे. अंगणातील दिव्यासाठी ती वापरली जातेच. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी अर्धा तास सूचना देण्यासाठीही ती वापरता येते. यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. असलेल्या यंत्राची ही सोय दुकानदाराने दाखवावी लागते.

चौथी अट विश्वासाची. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या संगणकीय विषाणूने जगभरातील हजारो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी कधी बदललेलेच नव्हते. त्या यंत्रांच्या बळावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. ज्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर आणि गोदामात कॅमेरा आहे, त्याने हे विसरू नये. तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे हे जसे ठाऊक असते, तसे कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणाकडे आहे हेही ठाऊक असावे. पासवर्ड बदलल्याखेरीज यंत्र सुरूच होऊ नये, ही मागणी रास्त आहे. घरातील कॅमेऱ्याबाबत आणखी एक संकोच असतो, जो वडीलधारी मंडळी बोलून दाखवीत नाहीत. मुलाची काळजी खरी असते; पण चोवीस तास कोणाच्या तरी दृष्टीखाली वावरणे आईला नको असू शकते. कॅमेरा दाराबाहेर असावा की बैठकीत, हे तिला विचारून ठरवावे. आणि तो हाताने झाकता येईल असा असावा.

पाचवी अट खर्चाची, आणि येथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट. रोज १२ तास, वर्षातील २४० दिवस असा हिशेब केला तर एका पंख्यामागे जवळजवळ १३० युनिटची बचत होते. युनिटमागे दहा रुपये धरले तर वर्षाला १,३०० रुपये. छताच्या पंख्यांवर १ जानेवारी २०२३ पासून ताऱ्यांचे चिन्ह सक्तीचे झाले आहे, त्यामुळे ही तुलना दुकानातच करता येते. आता दुसरी बाजू. वाय-फायचा स्विच दिवा बंद असतानाही जागा असतो. त्याला एक वॅट लागतो असे धरले तर असे दहा स्विच वर्षाला सुमारे ८८ युनिट, म्हणजे ८८० रुपयांची वीज नुसते जागे राहण्यासाठी घेतात. कॅमेऱ्याचे चित्रण साठवण्याची वर्गणी असेल तर ती वेगळी. खरेदीची किंमत एकदा द्यावी लागते, हा खर्च दरवर्षी येतो. म्हणून दोन्ही रकमा शेजारी मांडूनच निर्णय घ्यावा.

या सर्वांच्या आधी एक यंत्र घरात असले पाहिजे, ज्याची जाहिरात फारशी कोणी करीत नाही. विदर्भात उन्हाळा आला की कूलरचा धक्का लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. पाणी, पत्र्याची पेटी आणि ओला हात यांचा तो संयोग असतो. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर असेल आणि घराचे अर्थिंग नीट असेल, तर गळती होताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याला इंटरनेट लागत नाही, अॅप लागत नाही, वर्गणी लागत नाही. त्यावर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बोलणारा दिवा घेण्यापूर्वी हा ब्रेकर बसवून घ्यावा. टाकी भरली की मोटर थांबवणारा आणि पाणी नसताना मोटर चालू न देणारा वॉटर लेव्हल कंट्रोलर हाही त्याच पंक्तीतला.

अटी मोडल्या गेल्या तर दाद कोठे मागायची? २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने एक महत्त्वाची सोय दिली आहे. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तो तक्रार करू शकतो. कंपनी बंगळुरूची असली तरी मोर्शीच्या ग्राहकाला अमरावती पुरेसे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले. सहभागी कंपन्यांच्या वस्तूंची माहितीपुस्तिका, दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयीची माहिती तेथे मिळते. मात्र तक्रारीला आधार लागतो तो पक्क्या बिलाचा. जीएसटी वाचवण्यासाठी बिल न घेणारा ग्राहक आपला हक्क तेथेच सोडून देतो.

शेवटी दुकानदाराविषयी. या मासिकाच्या अनेक वाचकांचे व्यवहार काउंटरच्या अलीकडचे आहेत, पलीकडचे नव्हेत. ऑनलाइन विक्रेत्यापेक्षा मोर्शीचा दुकानदार स्वस्त देऊ शकणार नाही; परंतु ज्या घरात माल जातो ते घर तो ओळखतो. तेथील तारा, इन्व्हर्टर आणि माणसे त्याला ठाऊक असतात. त्याने विक्रीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. कोणत्या ग्राहकाने कोणते यंत्र परत आणले, का आणले आणि त्याला त्यात काय हवे होते, हे तीन रकाने पुरेत. वर्षाअखेरीस ती वही कंपनीच्या प्रतिनिधीपुढे ठेवावी आणि पुढील माल त्या नोंदी पाहून मागवावा. मोठ्या कंपन्या ग्राहकांच्या इच्छा जाणून घेण्यासाठी पाहण्या करवून घेतात. गावातल्या दुकानात तीच माहिती रोज चालत येते. ती लिहून ठेवणाऱ्या दुकानदाराकडे पुढच्या दिवाळीला तो मुलगा यादी घेऊन नव्हे, सल्ला विचारण्यासाठी येईल.