घर आणि मन : निदानाची वाट पाहतांना

कोल्हार हें प्रवरेच्या कांठचें गांव. अहिल्यानगराहून मनमाडकडे जाणारा हमरस्ता गांवावरूनच जातो. त्यावर बारा महिने शिर्डीच्या भाविकांची वर्दळ, हंगामांत उसानें लादलेल्या गाड्यांची रीघ, आणि भगवतीमातेच्या यात्रेंत ध्वनिक्षेपकांचा घोष. बहुतेकांस या गलबल्याची लौकरच संवय होते. परंतु एकाच घरांतील सर्वांचे कान सारखे नसतात.

तेथील एका एकत्र कुटुंबांतील सुविद्य गृहिणीनें आम्हांस असाच एक प्रश्न विचारला आहे. तिचे धाकटे दीर बत्तीस वर्षांचे. हिशेबाच्या कामांत चोख व स्वभावानें निष्कपट. तथापि घरीं पाहुणे वाढले, कुकरची शिटी व चारपांच जणांचें बोलणें एकदम कानीं आलें, किंवा ठरलेला बेत ऐनवेळीं बदलला, म्हणजे ते कान झांकून माडीवर जातात. कधीं अश्रु आवरत नाहींत, तर कधीं तासन्‌तास तोंडांतून शब्द फुटत नाहीं. त्यांनीं स्वतःच वाचन करून पुण्यास ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, तपासणीसाठीं नांव नोंदविलें आहे. तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. "तोंवर भावजींना कसें जपावें?" असें ही भगिनी विचारते.

प्रथम या वयांत तपासणी कशासाठीं, हें पाहूं. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें; पुढच्याच वर्षीं व्हिएन्नाच्या डॉ. हान्स आस्पर्गर यांनीं तशाच मुलांविषयीं लिहिलें. त्यामुळें ही बाब बालपणापुरतीच आहे, असा समज दीर्घकाळ राहिला. वस्तुतः ही मनाची जन्मजात घडण असून ती आयुष्यभर सोबत असते. बुद्धीच्या बळावर शाळेंत निभावून गेलेलीं अनेक मुलें 'एककल्ली' वा 'तऱ्हेवाईक' हीं नांवें घेऊनच प्रौढ झालीं. आपल्याकडील बहुतेक केंद्रें मुलांसाठीं असल्यानें प्रौढांस तज्ज्ञ शोधावा लागतो व वाटही पाहावी लागते.

हें निदान रक्ताच्या तपासणीनें होत नाहीं. तें संभाषण, निरीक्षण आणि बालपणाचा वृत्तांत यांवरून होतें. येथेंच एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य उपयोगी पडतें. कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनीं डॉक्टरांस तेहतीस पानांचें पत्र लिहून मुलाच्या संवयी कळविल्या होत्या. आपल्या घरींही सासूबाई, आत्याबाई, थोरले दीर यांना पुष्कळ आठवत असतें: मूल केव्हां बोलूं लागलें, कोणत्या आवाजास भ्यालें, खेळांत कसें वागलें, कोणत्या कपड्यास अंगाला लावूं देईना. हें सारें आतांच एका वहींत लिहून काढावें. मात्र तें त्या व्यक्तीच्या संमतीनें. चार पाहुण्यांत चर्चा करून नव्हे.

आतां त्या अनावर क्षणांविषयीं. आवाज, उजेड, गर्दी व अनपेक्षित बदल यांचा भार सहनशक्तीपलीकडे गेला म्हणजे मन एक तर उसळतें, नाहीं तर मिटून जातें. हा हट्ट नव्हे व नाटकही नव्हे. अशा वेळीं उपदेश, प्रश्न व समजूत हे तिन्ही भारांत भरच घालतात. एकाच माणसानें, थोड्या शब्दांत, हळू बोलावें, दिवा मंद करावा, पाणी ठेवावें, विचारल्याखेरीज अंगास हात लावूं नये. कित्येकांना जड गोधडीचा दाब बरा वाटतो, कित्येकांना सावकाश सोडलेला दीर्घ उच्छ्वास. मन निवळल्यावर जाब विचारूं नये.

त्याहून मोलाची आहे ती पूर्वतयारी. माडीवरील एक कोपरा त्यांचा, हें घरांत ठरून जावें. मुंजीस वा लग्नास जातांना कितीं वाजतां निघावयाचें, हें आधींच सांगावें. 'आतां पुरे' अशी एक खूण ठरवावी व ती दिसतांच कोणीं कारण विचारूं नये. झोप, भूक, प्रवास व पाहुणे यांची त्यांनीं स्वतः दोन ओळींची नोंद ठेवावी. कोणत्या दिवशीं तोल जातो, तें महिन्याभरांत ध्यानीं येईल. तीच नोंद तज्ज्ञांसही दाखवितां येईल.

आणखी एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. निदानाची तारीख दूर असली तरी मदतीची तारीख दूर असण्याचें कारण नाहीं. सततची धास्ती, निद्रानाश व खिन्नता यांवरील उपचार आजच सुरू होऊं शकतात. कोल्हारच्या शेजारीं लोणीस वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. जगणें नकोसें वाटल्याचे उद्गार निघाल्यास ते क्षणभरही हंसण्यावारी नेऊं नयेत. माणसास एकटें न सोडतां डॉक्टर गांठावा. २०२२ सालीं सुरू झालेली 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते.

निदान झालें तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. त्या कायद्याचा लाभ घ्यावा कीं नाहीं, हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावें. न झालें तरी केलेलें कांहींच वायां जात नाहीं. कारण ज्यास शांततेची गरज आहे, त्याची ती गरज डॉक्टरांच्या कागदावर अवलंबून नसते. तो डोनाल्ड पुढें अमेरिकेंतील आपल्या लहानशा गांवांत बँकेंत नोकरी करून, मोटार हांकून व गॉल्फ खेळून ८९ वर्षें जगला व २०२३ सालीं वारला. त्याच्या तऱ्हा गांवास ठाऊक होत्या, आणि त्या तऱ्हांसह तो गांवाचा होता. एका गांवास जें साधलें, तें एका घरास अशक्य कां असावें?