चुक्याचे मायक्रोग्रीन: पाककृतीआधी बियाणे
हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे घालून चुक्याची पातळ भाजी आपण पिढ्यान्‌पिढ्या रांधतो. पहिले खरे पान फुटताच कापलेले त्याचे मायक्रोग्रीन मात्र शिजवू नयेत. ताटात वाढलेल्या गरम वरणावर घालावेत, लिंबाची गरज उरत नाही. ही चव ऑक्झॅलिक आम्लाची. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेतानेच खावे.

कीटकशास्त्रज्ञ म्हणून माझा आक्षेप बियाण्याला आहे. थायरमची प्रक्रिया केलेले रंगीत बियाणे ट्रेमध्ये पेरून दोन-तीन आठवड्यांत तेच रोप खाणे मला मान्य नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणात पाककृतीपूर्वी पाकिटावरील सूचना वाचून दाखवाव्यात. परसातील चुक्याची चार झाडे बियांसाठी राखली, तर हा प्रश्नच उरत नाही. ट्रेवर चिलटे दिसल्यास पाणी कमी करावे, फवारणी नकोच.